कुस्कोची फ्लोरा आणि गोंदियाची आचारसंहिता

प्रदर्शन भरवायची कल्पना माझी नव्हती. ती आमच्या शेजारच्या गोवर्धनजींची. पुढे जे रामायण झालं त्यात मात्र त्यांचं नाव कुठंच आलं नाही. सगळीकडे माझंच आलं, आणि किती मोठ्या अक्षरांत आलं ते यथावकाश सांगतो.

मी देवचंद कापगते, पाटबंधारे खात्यातला निवृत्त आरेखक. आरेखक म्हणजे साहेबांनी कच्चं खरडलेलं पक्कं काढून देणारा माणूस. तलाव, पाळ, पाट, सांडवा, सगळं मी काढायचो. नकाशाच्या कोपऱ्यात साहेबांची लांबलचक सही यायची आणि तिच्याखालच्या चौकटीत मी असायचो, 'दे. का.' एवढाच. पूर्ण देवचंद कापगते सरकारच्या एकाही नकाशावर मावला नाही. हे मी दुःख म्हणून सांगत नाही, माहिती म्हणून सांगतो. (सुमित्राबाई, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, म्हणतात की हे दुःखच आहे आणि पाहुणा आला की मी ते चहाबरोबर देतो.)

तर, आमची मुलगी निशा बटाट्यावर संशोधन करते. धानाच्या जिल्ह्यातल्या पोरीनं बटाट्याच्या मागं लागावं आणि लागत लागत थेट पेरू देशात जाऊन बसावं, हे आमच्या नातेवाइकांना अजून पचलेलं नाही. तिनं बोलावलं म्हणून आम्ही दोघं मागच्या उन्हाळ्यात कुस्कोला राहून आलो. कुस्को म्हणजे अँडीज पर्वतातलं, ढगांच्या शेजारी वसलेलं शहर, इंका राजांची जुनी राजधानी. तिथं चार पायऱ्या चढल्या की दम लागतो, म्हणून मी बसायचो. बसलं की हात रिकामा राहत नाही, म्हणून चित्रं काढायचो. माझ्या कलेचा उगम असा दमात आहे.

तिथल्या इंका लोकांनी चुना-माती न लावता दगडाशी दगड घासून भिंती उभ्या केल्या. दोन दगडांच्या मधून सुरीचं पातं जात नाही. एका गल्लीत बारा कोनांचा दगड आहे. बाकीचे प्रवासी त्याच्यापुढं उभं राहून फोटो काढत होते. मी समोरच्या पायरीवर बसून कोन मोजले. बरोबर बारा भरले. मला फार बरं वाटलं, कारण कागदावर सांगितलेलं आणि जागेवर असलेलं यांचा असा मेळ आमच्या खात्यात मी कधी पाहिला नव्हता. तिपोन नावाच्या ठिकाणी डोंगर कापून केलेल्या शेतांमधून इंकांच्या दगडी पाटांचं पाणी आजही वाहतं. आम्ही कोहळी, आमचे आजे-पणजे तलाव बांधणारे. मी पाटाशी वाकून सवयीनं गळती शोधली. सापडली नाही. तेव्हा मला आमच्या खात्याची आणि माझ्या आज्याची एकदमच आठवण आली. पहिल्या आठवणीनं मान खाली गेली, दुसरीनं वर आली.

पण खरी रंगत बाजारात. उंच पांढरी टोपी घातलेल्या बाया, पाठीवर रंगीत चादरीत बांधलेलं लेकरू, कानात लोकरीचे गोंडे घातलेले लामा, म्हणजे उंट आणि मेंढी यांनी समजुतीनं केलेला प्राणी. आणि फ्लोरा. फ्लोरा बटाटे विकायची. सुमित्राबाई पहिल्याच दिवशी तिच्याशी भांडल्या आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्याशेजारी उलट्या खोक्यावर बसू लागल्या. ती तिथली केचुआ बोलायची, ह्या आमच्या भागातली झाडीबोली. "काऊन वो, काल सडका माल देलीस मले?" असं ह्या विचारायच्या, ती दोन्ही हात हलवून काहीतरी सांगायची, आणि दोघींचं पटायचं. तिथं विकणारी घेणारीला 'कासेरा', म्हणजे आपली नेहमीची, म्हणते आणि घेणारी विकणारीलाही 'कासेरा'च म्हणते. तोलून झालं की वरून मूठभर जास्त टाकतात, त्याला 'यापा' म्हणतात. हा शब्द सुमित्राबाईंना एका दिवसात आला. बाकीचं स्पॅनिश त्यांनी अनावश्यक ठरवलं.

मी समोर बसून फ्लोराला काढायचो आणि मला आमच्या लहानपणचा गोंदियाचा बाजार दिसायचा. माझी आई अशीच पोत्यावर बसलेल्या बाईशी वांग्यांवरून हुज्जत घालायची आणि निघताना तिच्या लेकीच्या लग्नाची चौकशी करायची. आता गोंदियात भाजी घेताना काट्यावर लाल आकडे उमटतात, मोबाइल 'पैसे मिळाले' म्हणून ओरडतो आणि विकणाऱ्याचं तोंडही पाहावं लागत नाही. कुस्कोत मला गोंदिया आठवायचं, आणि परत आल्यावर गोंदियात कुस्को आठवू लागलं. माणसानं एका वेळी एकाच गावात राहावं, पण ते मला या वयात जमेनासं झालं होतं.

अशाच एका उदास दुपारी मी चित्रं पसरून बसलो असताना गोवर्धनजी आले. हे एका राइस मिलचे निवृत्त मुनीम. सल्ला देण्यासाठी त्यांना विषय लागत नाही.

"कापगते साहेब, ये तो एक नंबर है! पेटीत कायले ठेवून राहिले? प्रदर्शनी लावा. शहरात नाव होईल."

'नाव' हा शब्द त्यांनी सहज उच्चारला, पण तो बरोबर माझ्या चौकटीत जाऊन पडला. मी महिन्याभरानंतरचा एक रविवार ठरवला. सुमित्राबाईंनी त्याच दिवशी निशाला फोन लावला.

"निशा, फ्लोराले सांग, तिचा फोटू गोंदियात टांगून राहिले म्हणा. रविवारी संध्याकाळी फोन लावजो तिच्या दुकानातून. तिकडं सकाळ राहील ना?"

निशानं सांगितलं. फ्लोरानं ते सगळ्या बाजाराला सांगितलं. त्या दिवशी मी नवी टोपी घालून येईन, असा तिचा उलट निरोप आला. म्हणजे माझ्याकडे सभागृह नव्हतं, फ्रेमा नव्हत्या, परवानगी नव्हती, पण कुस्कोत टोपी खरेदी झाली होती.

फ्रेमवाल्याकडे चित्रं टाकली. हा मनुष्य जन्मभर देव आणि दिवंगत यांच्याच फ्रेमा करत आला होता, तिसरा प्रकार त्याला ठाऊक नव्हता. भिंतींच्या आणि लामांच्या चित्रांना त्यानं देवाची फ्रेम केली, सोनेरी, आणि भोवती लुकलुकणारे दिवे. फ्लोराला मात्र दुसऱ्या प्रकारात घेतलं. काळी चौकट, आणि दुकानातर्फे भेट म्हणून चंदनाचा हार. तो ती फ्रेम पडवीत टेकवून गेला, आणि अर्ध्या तासात गल्लीतल्या बाया डोक्यावर पदर घेऊन आल्या.

"कोण होत्या, काकू?"

"माझी मैत्रीण हाये," सुमित्राबाई म्हणाल्या.

"अरे बापरे. कशानं गेल्या?"

"कुठं जाते? बाजारातच बसली हाये."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. दुःखात माणूस असं बोलतो, हे त्यांनी समजून घेतलं. संध्याकाळी दोन घरांतून आमच्याकडे जेवणाचे डबे आले. मी हार काढला, डबे मात्र परत करता आले नाहीत, कारण एकात वांग्याची भाजी फारच चांगली होती.

मग सभागृह. मी नगरपरिषदेत सुवाच्य अक्षरात अर्ज दिला, 'पेरू येथील चित्रांचे प्रदर्शन भरविणेकरिता सभागृह मिळणेबाबत'. आठवड्यानं विचारायला गेलो तर अर्ज तिथं नव्हता. एका टेबलानं दुसरं दाखवलं, दुसऱ्यानं तिसरं. शेवटी तो अर्ज कृषी कार्यालयाच्या फळबाग विभागात सापडला. आम्ही वऱ्हाडाच्या पलीकडचे लोक, आम्ही त्या फळाला जांब म्हणतो, पण सरकारी मराठीत तो पेरूच. तिथल्या साहेबांनी माझं मनापासून स्वागत केलं.

"झाडं किती आहेत तुमच्याकडे?"

"झाडं नाहीत. चित्रं आहेत."

"फळाची?"

"देशाची."

साहेबांनी शेरा आधीच मारलेला होता, 'स्थळपाहणी करावी'. आता मारलेला शेरा वाया घालवणं त्यांच्या जिवावर आलं. मी म्हटलं, "साहेब, स्थळ अँडीज पर्वतात आहे." त्यांनी क्षणभर विचार केला आणि विचारलं, "कोणत्या तालुक्यात येतं?"

अर्ज घेऊन परत नगरपरिषदेत आलो तोवर निवडणूक जाहीर झाली होती आणि सभागृह प्रशिक्षणासाठी गेलं होतं. गोवर्धनजींनी त्यांच्या ओळखीनं एक मंगल कार्यालय मिळवून दिलं. लग्नाची तारीख नसल्यामुळं ते मोकळं होतं. "अब सिर्फ एक फ्लेक्स लावा चौकात," ते म्हणाले, "फ्लेक्सशिवाय गोंदियात बारसं पण होत नाही."

फ्लेक्स छापणारा ओमेश निवडणुकीच्या कामात गळ्यापर्यंत बुडाला होता. मी त्याला मजकूर लिहून दिला, 'इंका वारसा आणि कुस्कोचे रस्ते. पेरू प्रवासातील रेखाचित्रे. चित्रकार देवचंद कापगते.' सोबत माझा पासपोर्टचा फोटो. तो संगणकावरून मान न उचलता म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ, डिझाईन माझ्यावर सोडा." मी सोडलं. आयुष्यभर नकाशाची एक रेघही दुसऱ्यावर न सोडणाऱ्या माणसानं हे केलं, कारण माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर होतं, की नाव पूर्ण यावं.

नाव पूर्ण आलं. दुसऱ्या दिवशी चौकात मी ते सायकलवरून पाहिलं आणि सायकल उभी करायला विसरलो. पंधरा फूट उंचीचा मी. पासपोर्टमधलं माझं घाबरलेलं डोकं ओमेशनं कुणा पुढाऱ्याच्या पांढऱ्या कुडत्यावर बसवलं होतं आणि त्या कुडत्याचे हात जोडलेले होते. बाकीचा मजकूर जागेत बसेना म्हणून त्यानं लहान केला होता, इतका की तो खालच्या पानठेल्याच्या छपराआड गेला. वर ठळक राहिलं होतं ते एवढंच:

'इंका! देवचंद कापगते. आपलेच रस्ते, आपलाच वारसा.'

इथं एक खुलासा करायला हवा. आमच्याकडे घरोघरी हिंदी पेपर येतो, आणि जुन्या काळी हिंदी पेपरवाले एका मोठ्या पक्षाचं नाव आखडून 'इंका' असं लिहीत. नवी पिढी ते विसरली आहे, पण मतदान जुनी पिढीच जास्त करते. दुपारपर्यंत सगळ्या प्रभागाला कळलं की कापगते उभे आहेत, आणि तेही थेट वरून तिकीट आणून. मी उन्हाळाभर परदेशात होतो, ते कशासाठी, याचाही उलगडा लोकांना झाला.

संध्याकाळी आमच्या प्रभागातले उमेदवार वीरेंद्रभाऊ कार्यकर्त्यांसह आले. वाकून माझ्या पाया पडले.

"काका, आपण बसून जा."

"मी बसलोच तर आहे," मी खुर्चीकडे बोट दाखवलं.

"तसं नाही काका. घरातली गोष्ट घरात मिटवून टाकू. तुमची नाली करून देतो, समोर दिवा लावून देतो. पण बसून जा."

"अहो, मी उभाच नाही!"

वीरेंद्रभाऊंनी सोबतच्या माणसाकडे अर्थपूर्ण नजरेनं पाहिलं. तो हळूच म्हणाला, "भाऊ, पक्का खिलाडी आहे. किंमत वाढवून राहिला."

मी आत जाऊन फ्लोराचं चित्र आणून दाखवलं, लामा दाखवला, बारा कोनांचा दगड दाखवला. त्यांनी सगळं अदबीनं पाहिलं आणि विचारलं, "यातलं चिन्ह कोणतं मिळून राहिलं?" गल्लीतल्या लोकांचं तर वेगळंच. ज्यांनी माझी चित्रं पाहायला कधी मान वळवली नसती, ते आता पाण्याच्या तक्रारी घेऊन येऊ लागले. एक आजोबा फुकट चष्म्यासाठी शिफारसपत्र मागून गेले. एवढ्या माणसांत एकानंही विचारलं नाही की, देवचंद, तू चित्रं कशी काढलीस? कलावंताचा याहून मोठा अपमान मला माहीत नाही. सुमित्राबाई म्हणाल्या, "नाली होऊन राहिली तं होऊ द्या ना."

नाली झाली नाही. भरारी पथक आलं.

रविवार दोन दिवसांवर होता. मंगल कार्यालयात मी चित्रं नुकतीच टांगली होती, फ्रेमांचे दिवे लुकलुकत होते, आणि पथक दारात. प्रमुख होत्या चेतना मॅडम, मूळच्या शाळेच्या शिक्षिका, निवडणुकीच्या कामावर आलेल्या आणि उन्हानं त्रासलेल्या. फ्लेक्स आधीच उतरवून गाडीवर टाकलेला होता. माझं जोडलेल्या हातांचं धूड टपावर आडवं झालं होतं.

"विनापरवाना प्रचार. साहित्य जप्त करावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "हे काय?"

"लामा."

"कोणत्या पक्षाचा?"

"मॅडम, तो प्राणी आहे. ओझं वाहतो."

"ते सगळेच वाहून राहिलेत सध्या," त्या पुटपुटल्या आणि पंचनामा लिहायला बसल्या. प्रत्येक चित्रात काय आहे हे लिहिणं भाग होतं. सोबतचा शिपाई वर्णन सांगू लागला, "एक मेंढीसारखा उंट, रागावलेला. एक दगडाची भिंत, विनाप्लास्टर. एक बाई, टोपी घातलेली, आलूसह."

हे मात्र मला सहन होईना. आजवर मी कुणाला हात धरून चित्रं समजावली नव्हती, पण पंचनाम्यात माझी भिंत 'विनाप्लास्टर' म्हणून जाणार म्हटल्यावर माझ्यातला आरेखक उसळला. मी उठलो आणि एकेका चित्रापुढं उभा राहून सांगू लागलो. तो दगड कसा घासला असेल, तिपोनच्या पाटाचं पाणी हाताला किती गार लागतं, थंडीत गोठवून, पायांनी तुडवून, वाळवून बटाटे वर्षानुवर्षं कसे टिकवतात, आणि पहाटे त्या उभ्या गल्ल्यांतून बाया पाठीवर बिऱ्हाड घेऊन उतरतात तेव्हा फरशीवर पावलं कशी वाजतात. बोलता बोलता मी कुस्कोला पोचलो. दमसुद्धा लागला. थांबलो तेव्हा शिपायानं टोपी काढून हातात घेतली होती आणि मॅडमचं पेन उघडंच होतं.

"ही बाई," त्या फ्लोराकडे पाहत म्हणाल्या, "देवरीच्या बाजारात मोहफुलं विकायला बसते तिच्यासारखीच आहे. आई मला घेऊन जायची लहानपणी." मग भानावर येऊन म्हणाल्या, "सर, तुम्ही खरंच गेले होते तिकडं? की देवरीलाच बसून काढलं?"

मी पासपोर्ट दाखवला. त्यांनी चित्रं सोडली, फ्लेक्स सोडला नाही. "चित्रं घेऊन जा. पण निकाल लागेपर्यंत शहराच्या हद्दीत कुठंच लावू नका. तुमचं तोंड आता सगळ्यांना पाठ झालं आहे."

घरी येऊन मी जाहीर केलं की प्रदर्शन रद्द. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. सुमित्राबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी भाजी बाजूला ठेवली.

"अजी, तिनं टोपी घेतली ना जी."

"निवडणूक झाल्यावर करू. निशाला सांग, फ्लोराला समजावून सांगेल."

"काय समजावते? आचारसंहिता?" त्या म्हणाल्या. "मी तिच्या खोक्यावर अडीच महिने बसली. तिची भाषा मले समजत नव्हती, तरी एक दिवस तिनं मले एकटं वाटू देलं नाही. निशा कामाले जाये, तुमी पायऱ्यावर दगडं मोजत बसा. मी कुठं गेली असती? तिले मी शब्द देला हाये. लावाचं म्हणजे लावाचं. कुठंही लावा."

अडीच महिने मी त्या दोघींना समोर बसून काढत होतो, आणि ही साधी गोष्ट मला दिसली नव्हती. फ्लोराच्या चित्रात कडेला खोक्यावर बसलेली एक आकृती आहे, शाल पांघरलेली, पाठमोरी. ती सुमित्राबाई. बरोबर प्रमाणात काढली आहे.

सुमित्राबाईंचा धाकटा भाऊ मनिराम. त्याचा शहराच्या हद्दीबाहेर, कोहमाऱ्याला महामार्गावर ढाबा आहे. रविवारी दुपारी चित्रं टेम्पोत घालून आम्ही निघालो. गोवर्धनजी वाटेतही सल्ला देण्यासाठी पुढच्या सीटवर बसले. मनिरामनं बहिणीचं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "खिळे किती लागतीन?"

बाजांच्या मागच्या भिंतीवर, शीतपेयांच्या फ्रीजपासून हात धुवायच्या नळापर्यंत इंका साम्राज्य टांगलं गेलं. फ्रेमांचे दिवे ढाब्याच्या माळेशी असे जुळले की ते तिथल्यासाठीच केले होते असं वाटावं. उद्घाटन नव्हतं, प्रमुख पाहुणे नव्हते. पहिला प्रेक्षक एक ट्रक ड्रायव्हर. तो हात धुवायला म्हणून आला आणि ओले हात तसेच धरून लामापुढं उभा राहिला. "हमारे राजस्थान का ऊँट इससे ऊँचा है," त्यानं सांगितलं, आणि जेवण होईपर्यंत त्याच चित्रासमोरच्या बाजेवर बसून राहिला. बसची वाट पाहणाऱ्या बाया आल्या. त्यातली एक रुख्माबाई, जवळच्या खेड्यातली, डोक्यावर शिंगाड्यांचं टोपलं. ते तिनं फ्लोरासमोरच उतरवलं.

"हे कुठची वो?"

"पेरूची," सुमित्राबाई म्हणाल्या.

"लय लांब हाये का?"

"दोन दिवस विमानात बसा लागते."

"आणि एवढ्या लांब जाऊन आलूच विकून राहिली बिचारी," रुख्माबाई हळहळल्या.

एक म्हातारा तिपोनच्या पाटापुढं काठी टेकून उभा होता. त्यानं ते पाणी कुठून येतं ते बोटानं शोधलं, वळण पाहिलं, आणि आमच्या गावच्या तलावाचा पाट पूर्वी असाच दगडी होता, त्यात आम्ही पोहायचो, असं सांगू लागला. मी त्याच्या बाजूला बसलो. त्याच्या गावाचं नाव ऐकून मी म्हणालो, त्या तलावाचा नकाशा मी काढला आहे. तो म्हणाला, "तो कागद गा. मी पाणी सांगून राहिलो." मग आम्ही पाण्याबद्दल बराच वेळ बोललो. त्या तलावावर हिवाळ्यात उतरणारे पक्षी, पाळीवरची जांभळं, आंघोळीला आलेल्या पोरांचे कपडे पळवणारा त्याचा काका. मला वाटतं माझं प्रदर्शन तिथंच पार पडलं.

दिवेलागणीला निशाचा फोन आला. सुमित्राबाईंनी मोबाइल मनिरामच्या हातात उंच धरायला दिला. पडद्यावर आधी छप्पर दिसलं, मग बटाट्यांचे ढीग, मग पांढरीशुभ्र टोपी, आणि टोपीच्या खाली फ्लोरा. तिच्या मागं सगळा बाजार गोळा झाला होता. इकडे आमच्या मागं कोहमारा. दोन्ही बाजूंनी नुसते हात हलत राहिले. शेवटी सुमित्राबाई ओरडल्या, "कासेरा!" तिकडून तोच शब्द परत आला, आणि दोन्ही बाजार एकदम हसले.

मनिरामनं फोन चित्रांवरून फिरवला. फ्लोरानं स्वतःला पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ती जे बोलली ते निशा आपल्या बोलीत सांगू लागली. "बाबूजी, ती म्हणून राहिली का एवढे लोक मले पाहून राहिले, मंग घेत काऊन नाहीत?"

"पाठव म्हणा दोन किलो!" रुख्माबाई गरजल्या. ट्रक ड्रायव्हरनं पाच किलोची मागणी नोंदवली. तिकडं फ्लोरा काहीतरी घाईघाईनं सांगत होती, बोटानं आमच्याकडे दाखवत होती.

"ती विचारते, हे सगळे कोण आहेत," निशा म्हणाली. "ती टोपलंवाली, तो काठीवाला, ते पोटवाले काका. ती म्हणते, बाबूजींनी या सगळ्यांचं एक चित्र काढून पाठवायचं. तिच्या दुकानात तिच्या डोक्यावर लावणार आहे. सगळ्या बाजाराला दाखवायचं आहे तिला, सुमित्रा कुठं राहते ते."

मला कागदाची शोधाशोध करावी लागली. मनिरामनं मिठाईच्या खोक्याचा पांढरा पुठ्ठा दिला. मी नळाजवळ स्टूल घेऊन बसलो. इतकी वर्षं या जिल्ह्याचे तलाव काढले, पाट काढले, इथं बसून माणूस एकही काढला नव्हता. आता समोर बघतो तर सगळा ढाबा सावरून बसलेला. रुख्माबाईंनी टोपलं पुन्हा डोक्यावर घेतलं. म्हाताऱ्यानं काठी सरळ धरली. गोवर्धनजी श्वास आत ओढून म्हणाले, "साहेब, पेट जरा कमी करना." सुमित्राबाई मधोमध खुर्ची ओढून बसल्या, या खेपेला तोंड माझ्याकडे करून.

"हलू नका" असं मी कुणालाच म्हणालो नव्हतो, तरी कुणी हलेना. तवा थंड झाला, चहा उतू गेला. तेवढ्यात देवरीची बस वेग कमी न करता आली. ती इथं हात दाखवूनही कधी थांबत नाही, असं सगळे सांगतात. कंडक्टरनं दारातून ओरडून विचारलं, "काय होऊन राहिलं बे इथं?"

"फोटू पेरूले जाऊन राहिला!" मनिराम ओठ न हलवता म्हणाला.

बस थोडी पुढं जाऊन करकचून थांबली, आणि केस सारखे करत माणसं उतरू लागली.